रुपें नव्हे

कुंडईच्या शेडमध्ये सकाळी नऊला
राय गावचे इनास कुतिन्य आले,
रुमालात एक चावी गुंडाळून.
दाराची नव्हे, क्लॅरिनेटची.
करंगळीनं दाबायची, लांब दांड्याची,
मधोमध दोन तुकडे.

मडगावात कुणीतरी गॅसवर लाल केली
आणि वाकवायला गेला.
मी म्हटलं, बाब, ही तापल्यावर ऐकत नाही.
गार असताना वाकते थोडी, तीही कुरकुरत.
लाल केली की आतलं शिसं सगळ्यांआधी वितळतं,
कणाकणांच्या सांध्यांत पाणी होऊन बसतं,
मग एक टोला पुरतो.

शिसं? ते म्हणाले.
ही रुपें न्हय?

मांडणीवरून सळई काढली, बारा मिलिमीटरची.
कागद वाचून दाखवला:
तांबं एकसष्ट, जस्त साडेपंचवीस, निकेल बारा,
शिसं शंभरात एक, फार तर सव्वा,
उरलंसुरलं लोखंड, मँगनीज.
चांदी नाही.
त्यांनी चष्मा पुसून बेरीज पुन्हा केली,
तरी नाही.

तांब्याचा तांबडेपणा या बारांनी पुसला,
एवढीच काय ती चांदी.
तिघं एकमेकांत विरघळतात, कोण कुठला कळत नाही.
शिसं विरघळत नाही.
आयटीआयच्या भिंगाखाली पाहिलंय मी,
पांढऱ्यावर खसखस सांडल्यासारखं,
थेंब थेंब, आपापल्या जागी.

बिनशिशाची सळई लेथवर लांब दोरे सोडते,
कुरळे, धारदार.
माझ्या डाव्या मनगटावरचा व्रण त्यांचाच.
ही मात्र रवा पाडते.
दोरा लांबायला लागतो, वाटेत शिशाचा थेंब येतो,
दोरा तुटतो.
हत्याराची धार दुपारपर्यंत टिकते,
आटे स्वच्छ पडतात, नखाला लागत नाहीत.

नळी मी काढत होते, दांडा कानशीनं घासत होते,
आणि ते स्टुलावर बसून बोलत होते.
पाप्पा बोटीवरच्या बँडमध्ये.
मोंबासाला घेतलं हे वाद्य, जुनंच.
मग बोट सुटली, पगार सुटला,
आणि मांयनं पेटी उचलून सोनाराकडं नेली.
सोनारानं एक चावी काळ्या दगडावर घासली,
वर तेजाबाचा थेंब.
थेंब हिरवा झाला.
पेटी परत.
मांय घरापर्यंत एक शब्द बोलली नाही.
रविवारी लोटलीच्या फेस्ताचं बोलावणं होतं,
आणि वाजवायला हे घरात होतं.

मी नुसती कानस चालवली.
कधी कधी यंत्राचा आवाज बरा असतो.

चार वाजता चावी बसली.
जुन्या चाव्या पिवळसर,
रायच्या खाऱ्या हवेनं आणि बोटांच्या घामानं;
मधोमध ही नवी, पांढरीफेक, जरा आगाऊ.
होईल, म्हटलं, दोन पावसाळ्यांत यांच्यासारखी.

कूलंटच्या पिंपांपाशी उभं राहून
त्यांनी एकच सूर धरला, फार लांब.
मला सूर कळत नाहीत.
मी ऐकत होते चावी खाली बसल्याचं
एवढंसं टप.

कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले,
नखांतून ब्रश फिरवला.
घरी दहा महिन्यांची आहे,
जे बोट दिसेल ते तोंडात घालते,
आणि शंभरातलं ते एक
तिला चालत नाही.

बिलावर लिहिलं, जर्मन सिल्व्हर, एक नग.
जर्मन कां? त्यांनी विचारलं.
ठाऊक नाही, म्हटलं.
आणि सिल्व्हर?
त्यावर दोघंही हसलो.

रवा ब्रशनं गोळा केला, वेगळ्या डब्यात,
पितळेत मिसळला तर भंगारवाला भाव पाडतो.
झाकण लावताना हलवून पाहिला.
ओल्या वाळूसारखा वाजला.