शेवटची हजेरी

निरोपाचं भाषण चार दिवस पाठ केलं,
दुसऱ्याच ओळीला विसरली.
ठमके सर म्हणाले, राहू दे, बस.

मग मसालेभात, बुंदी.
वाऱ्यानं पत्रावळी उडत होत्या,
आम्ही कडेला खडे ठेवून जेवलो.

हात धुवून वर्गात आलो तर
सरांनी रजिस्टर उघडलेलं:
चला, शेवटची हजेरी.
आत्राम दिलीप. कन्नाके शुभांगी.
आणि सवयीनं, लाल रेघेवरून तसंच पुढं,
कुळसंगे ममता.

ममता मागच्या वैशाखात नांदायला गेली
पार वैनगंगेपलीकडं.
तिचा कंपास माझ्याकडंच आहे,
आत अर्धं खोडरबर, दातांचे ठसे असलेलं.

कोणी हसलं नाही.
शेंडे काका रुळाच्या तुकड्यावर
टोला द्यायला हात उचलून उभे,
तसेच.

हजर, सर.
मीच म्हटलं.
भाषणाला नव्हता तो आवाज
कुठून आला, कोण जाणे.
सरांनी मान वर केली नाही.
पेन मात्र टेकला.

घरी जाताना
नाल्याच्या चढावर सायकलवरून उतरली मी,
नेहमीसारखी.
डबलसीट चढत नाही ना तिथं.