सातवी खुंटी

किटलीच्या वर, खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही.
खरं तर पाच वह्या, एकीला एक शिवलेल्या.
पेन्सिलही सुतळीलाच; शाई इथं गोठते.
खोडरबर आणायचं नाही, हा एकच नियम,
तोही कुणी लिहिलेला नाही.

पहिल्या पानावर वेनियामिन, एकोणीसशे एकाहत्तर,
ताठ रशियन अक्षर :
"सातवी खुंटी बाकीच्यांपेक्षा हातभर जास्त उघडी पडते. का?"
खाली अर्धं पान कोरं सोडलंय,
येईल कुणीतरी, अशा हिशेबानं.

आलं. तीन वर्षांनी.
ईरिसबेकनं लिहिलं : वारा.
त्याखाली दुसरा हात :
वारा तिसऱ्या खुंटीलाही झोडपतो, तिला काही होत नाही.
मग आकडे. आकड्यांवर काट.
काटेखाली वेनियामिनच :
"माझं चुकलं. खुंटी मी तिरकी ठोकली होती."
आणि पुढच्या उन्हाळ्यात, जरा बारीक अक्षरात :
"सरळ केली. तरी हातभर."

मग देश फुटला, पगार थांबले,
सहा वर्षं वहीत फक्त
एका मेंढपाळानं मांडलेला मेंढ्यांचा हिशेब.

पंधरा दिवसांची पाहुणी म्हणून आली देल्फिना, बोलिव्हियाहून.
दुभाष्या खाली खोऱ्यातच आजारी पडलेला.
तिनं वही चाळली, आकडे वाचले,
किटलीभर बर्फ सातव्या खुंटीपासून आणला,
वितळवून गाळला.
तो गाळणकागद अजून चिकटवलेला आहे :
नाण्याएवढा काळा डाग.
खाणीच्या रस्त्याची धूळ त्याच वळणावर येऊन बसते.
वेनियामिन तोवर गेला होता.
त्याच्या अर्ध्या पानात बोटभर जागा उरलेली,
तेवढ्यात तिचं उत्तर मावलं.

आज सातवी खुंटी दगडांत उभी आहे.
हिमनदी कधीच वर सरकली.

काल नारिनहून आलेल्या गुलझातनं लिहिलं :
"अकरावी खुंटी जास्त उघडी का पडते?"
आणि प्रश्न बावळट वाटला म्हणून
कोपऱ्यात इतकं लहान, की मला चष्मा पुसावा लागला.

मला उत्तर ठाऊक होतं.
मी फक्त लिहिलं : पहिलं पान बघ.

सकाळी किटली ठेवताना पाहिलं,
माझ्या अक्षराखाली तिचं, आता चांगलं मोठं :
"बघितलं. गाळूनही बघितलं.
कागद पांढराच राहिला."

खाली अर्धं पान कोरं.