उभी काच

या महिन्यात एलुनेद चौथ्यांदा आली.
दारातूनच म्हणाली, "या वेळी बरोब्बर डोळ्यासमोर.
रस्ता बघू की टवका बघू?"
तिची ती चौकोनी गाडी,
कपाटाला चाकं लावल्यासारखी,
बाहेर वाऱ्यात डुगडुगत होती.
मागे मेंढ्यांच्या लसींची पेटी, दोराचं वेटोळं,
आणि कधीच खाली न उतरणारं कुत्रं.

मी दर वेळी तेच सांगतो.
नव्या गाड्यांच्या काचा कलत्या असतात,
खडा आला की अंग चोरतात,
त्याला टपावरून जाऊ देतात.
तुझी काच भिंतीसारखी उभी.
येईल ते छातीवर घेते.
यावर औषध एकच, दुसरी गाडी.
"दुसरी गाडी नदीत घालता येईल का?"
मी गप्प बसतो. पंप काढतो.

इथं डांबर गावाच्या पाटीपाशी संपतं.
पुढं पातागोनिया म्हणजे नुसती खडी,
आणि असा वारा
की कोंबड्यासुद्धा तिरक्या चालतात.

काम तसं बारीक.
टवक्यातला चुरा सुईनं टिपायचा,
वर रबरी वाटी बसवून आतली हवा ओढायची,
मग राळ सोडायची, थेंब थेंब,
ती चांदणीच्या शेवटच्या टोकात शिरेपर्यंत
आपण श्वास घ्यायचा नाही.
मग जांभळा दिवा.
दहा मिनिटं.
तेवढ्यात येर्बाचा कडू चहा,
एकाच नळीनं, आळीपाळीनं.

दगड कुणी मुद्दाम मारत नाही.
समोरचा येतो, हातसुद्धा हलवतो,
आणि त्याच्या चाकाखालून सुटलेलं काहीतरी
तुमच्यापाशी पोचतं
तेव्हा तो धुळीत गेलेला असतो.
पण इथल्या सगळ्या काचा माझ्याकडेच येतात.
वार, वेळ, वळण, लोक आपणहून सांगतात.
मंगळवार, पुलाच्या अलीकडे, लोकरीचा ट्रक.
हे एलुनेदचं.
मंगळवार, पुलाच्या अलीकडे, पांढरं खोकं, भरधाव.
हे रुफिनो ओयार्सुनचं.
तो सकाळीच येऊन गेला.
त्याची काच या कडेपासून त्या कडेपर्यंत तडकली आहे,
नवी यायला दोन आठवडे,
तोवर चिकटपट्टी आणि सांता रीताची तसबीर.
शिव्या मोजून देत नाही रुफिनो.
एलुनेदच्या वेल्शमध्ये असतात,
मला अर्थ लागत नाही, चव लागते.

दोघांच्याही पावत्या मीच फाडल्या.

"इतकी घाई कसली होती?" मी विचारलं.
"घोडी अडली होती. शिंगरू आडवं."
तिनं नळी माझ्याकडे दिली.
"घोडी वाचली."
थोड्या वेळानं, दिव्याकडे बघत,
"त्या ट्रकवाल्याला काही झालं नसेल ना?
आरशात पाहिलं मी. नुसती धूळ."

आता इथं माणसानं खरं बोलावं की नाही?
मी पातं घेतलं
आणि सुकलेली राळ खरवडू लागलो.
"कुठला ट्रकवाला?" म्हणालो.

भरलेला टवका नाहीसा होत नाही.
ऊन तिरकं आलं की
माशीच्या पंखाएवढा दिसतोच.
तिनं त्यावरून अंगठा फिरवला,
गुळगुळीत लागला, मान हलवली.
मी सांगितलं, पहाटे हिमावर गरम पाणी ओतू नकोस,
टवक्याचा तडा होतो.
आणि समोरून कुणी आलं
की वेग कमी कर, कडेला हो.
सकाळी रुफिनोलाही हेच सांगितलं होतं.
तोही हो म्हणाला होता.

मग तिनं गिअर टाकला
आणि माझ्या दारातली मूठभर खडी
माझ्याच दुकानाच्या काचेवर आली.
त्या काचेला सतरा टवके आहेत.
ती मी भरत नाही.