दोन दारं, एक पाटी

ओउलूत दुपारी तीनलाच अंधार.
बोर्डावर दोन इंटरप्ट कंट्रोलर,
आणि ड्रायव्हरने दोघांचं बारसं केलंय एकाच नावाने.
राउनी बटण दाबते. हाक येते,
कुठल्या दारातून, ते कर्नल सांगत नाही:
सतरा नंबरची तार इथेही, तिथेही.

केमीच्या जिन्यात असंच होतं.
समोरासमोर दोन पाट्या, दोन्ही लाउक्कानेन,
मध्ये बाबा आणि काकाचा अबोला.
इस्पितळाचं पाकीट एकदा पलीकडे पडलं;
काकाने फोडलं नाही,
परतही केलं नाही.

नावाला ती पत्ता चिकटवते, आठ आकडी.
एवढीच ओळ.
आता बटण दाबलं की मोजणी
एकीकडेच वाढते: एक. दोन.
काम झालंय.
ती तरी दाबत राहते.