बाद

सभा चारला होती, चहा साडेचारला आला.
मला बोलावलं, कारण कपाटाची किल्ली माझ्याकडे.
स्टोअररूममधल्या माणसाला मत नसतं,
याद्या असतात.

कोयंडे सरांनी निकष वाचले.
विद्यापीठाची विजेतेपदं: हवीत दोन, आहेत तीन.
हजेरी पंच्याहत्तर टक्के. इथे ते खोकले.
पदवी. पुन्हा खोकले.
सुलक्षणा भुवड शेवटच्या परीक्षेला बसलीच नव्हती,
त्या आठवड्यात तिचा पाय
केईएमच्या वॉर्डात वजन लावून टांगला होता.
तिला पत्र गेलं होतं जिमखान्याचं,
तुमचा नऊ नंबर आम्ही यापुढे कुणाला देणार नाही, वगैरे.
तिने उलट विचारलं,
लायब्ररीचा दंड माफ झाला असेल तर
दाखला मिळेल का?

ट्रस्टी म्हणाले, असे नंबर काढत गेलो
तर पुढच्या पोरींनी अपूर्णांक घालायचे काय?
सगळे हसले. मीही, जरा उशिरा.
हिशोब बरोबरच आहे त्यांचा.
नायगावचा नागवेकर एक ते बारा छापून देतो,
तेराव्याचे पैसे वेगळे.

मी सांगितलं नाही की नऊ तिने मागितलाच नव्हता.
पहिल्या दिवशी शिवडीहून चालत आली,
तोवर तेवढीच उरली होती, काखेत उसवलेली.
तिच्याआधी नऊमध्ये एक डिमेलो.
त्याआधी कुणी परब,
जी एकही सामना न खेळता लग्न होऊन पालघरला गेली.
सगळ्या आहेत यादीत. माझं अक्षर चांगलं आहे.

डाव्या कोपऱ्यात ती उभी राहिली
की समोरून येणाऱ्या पोरीचा दम
मध्यरेषेवरच अर्धा व्हायचा.
मग घोटा. आवाज नाही,
नुसती माती, आणि पंचाचा हात.
हे कुठल्या रकान्यात घालायचं?
सरांनी ‘इतर’मध्ये घातलं.

ठरावातल्या एका शब्दावर वीस मिनिटं गेली.
‘बाद’ लिहू नका, प्राचार्य मॅडम म्हणाल्या, अपमान वाटतो.
‘निवृत्त’ लिहा.
मी खिडकीकडे बघत होतो.
बाद झालेला गडी रेषेबाहेर बसतो, मान्य,
पण आपल्याकडून कुणी एक मारला
की तो जिवंत होऊन आत येतो.
निवृत्त झालेला कुठे येतो?
एकतीस तारखेनंतर मलाच कळेल.

ठराव मंजूर. फ्रेम काचेची, ऑफिसबाहेर, पंख्याच्या बटणांवर.
मोरजे, जर्सी आणा.

कपाट उघडलं. आठ होती, दहा होती.
नऊ खाली मैदानात होती,
सकाळी मीच दिलेली, उशिरा आलेल्या एका पोरीला,
मापाने मोठी, बाह्या दुमडून.
डाव्या कोपऱ्यात उभी होती ती,
अजून पाय कुठे ठेवायचा ते न कळून.

वर जाऊन म्हटलं, धोब्याकडे आहे.
कधी मिळेल?
गुरुवारी, म्हटलं.
गुरुवारी आमच्या धोब्याची सुट्टी.