रन

ऊना गिलेस्पीच्या घरात
हा एक शब्द सगळीकडे पुरतो.
डोंगरउतारावरचं मेंढ्यांचं रान, ते रन.
परसातली कोंबड्यांची जाळी, तीही रन.
नळ गळतो, नाक गळतं,
लाल स्वेटरचा रंग उतरून
हेक्टरचे सगळे बनियन गुलाबी झाले
तेव्हाही ती एवढंच म्हणाली,
रन झाला मेला.

हेक्टर स्वतः कधी धावला नाही.
गावच्या मॅचमध्येसुद्धा चालत एक रन काढायचा.
समोरचा रनआउट झाला तर म्हणायचा,
घाई कुणाला होती?

"हे छातीचं दुखणं तुमच्या घराण्यात धावतं,"
डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
"चला," हेक्टर म्हणाला,
"घराण्यात काहीतरी धावतंय."

जूनची सकाळ. गवतावर दव गोठलेलं.
वरच्या फाटकापाशी गाडी,
कुत्री मागच्या फळीवर नाही, दाराशी बसलेली,
आणि तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून.
इंजिन चालू होतं.
त्यालाही तिकडे हेच म्हणतात.

ऊनाने किल्ली फिरवली नाही.
पलीकडच्या दाराने आत चढली, बसून राहिली,
हीटरची ऊब दोघांच्या गुडघ्यांवर.

दुपारी डिझेल संपलं.
त्यालाही शब्द तोच,
फक्त पुढे आउट.