वरची पट्टी

डॉक्टरीण कागदावरची रेघ दाखवत म्हणाली,
इथपर्यंत तुमचं सगळं ठीक आहे काका,
यापुढे मात्र...
आणि तिचं पेन दरीत उतरावं तसं खाली गेलं.
भुसावळच्या लोको शेडमधली एकतीस वर्षं
त्या रेघेच्या तळाशी बसली होती.
कुकरची शिट्टी पुसट येते, घड्याळाचा गजर येतच नाही.
सहलीचे पैसे मी आधीच भरले होते.

दोंडाईचा सोडल्यावर गाडी माळाला लागली.
आम्ही सहा जण, माझी दुर्बीण उसनी,
आणि वाटाड्या वेरसिंग पावरा,
पाठीवर मुलीचं जुनं शाळेचं दप्तर.
कुसळी गवत, पिवळ्याच्याही पलीकडचं.
ढेकळांतून एक ढेकूळ पळालं, थबकलं,
मान वर करून पुन्हा पळालं.
धाविक, वेरसिंग म्हणाला.
त्यानंतर मला सगळ्याच ढेकळांचा संशय येऊ लागला.

मग चंडोल वर चढला.
सगळ्यांच्या माना मागं, तोंडं उघडी.
मला दिसली त्याची चोच,
गळ्याची थरथर,
आवाज बंद करून लावलेल्या बातम्यांसारखी.
इतर हसले तेव्हा मीही हसलो.
वेरसिंगनं ते पाहिलं. बोलला काहीच नाही.
पुढचा चंडोल उठला तेव्हा
माझं मनगट धरून दोन बोटांनी ठेका देत राहिला:
भराभर, भराभर, मग एक लांब थांबा, मग पुन्हा.
गाणं इतकं लांब असतं हे मला माहीत नव्हतं.

एक ठेलारी मेंढ्या घेऊन आडवा आला.
"काय दखी राह्यनात भो? आठे त काहीच नही."
मी दुर्बीण त्याच्या हातात दिली.
पक्षी त्यानं पाहिलेच नाहीत,
स्वतःचाच कळप न्याहाळत ओरडला,
"अरे, मनी काबरी लंगडस!"
आणि दुर्बीण माझ्या अंगावर टाकून पळाला.

सारंगखेड्याच्या पुलाखाली तापी रुंद, आळसावलेली.
चक्रवाकांची जोडी घोगऱ्या आवाजात भांडत गेली.
ते ऐकू आलं. सगळंच्या सगळं.

रात्री शहाद्याच्या लॉजवर शेवभाजी, कळण्याची भाकर,
आणि दिवसाची यादी.
मृदगंधाबाईंच्या वहीत दोन रकाने: दिसला, ऐकला.
माझा दुसरा रकाना
चक्रवाकापाशी सुरू होऊन चक्रवाकापाशीच संपला.

राणीपूर, काळापाणी, मग घाट.
अर्ध्या वाटेवर सगळ्यांचेच कान बसले.
कुणी जांभया देतंय, कुणी नाक दाबतंय,
मृदगंधाबाई ओरडून बोलतायत.
दहा मिनिटं मी अगदी चारचौघांसारखा होतो.

तोरणमाळला पहाटे गाडीच्या टपावर दवाचं पांढरं मीठ.
सागाची पानं ताटाएवढी, वाळून पडलेली,
एकेक पाऊल म्हणजे पापड.
वेरसिंगनं हात वर केला. आम्ही होतो तिथंच थिजलो.
आणि तेव्हा आलं ते,
जाडसर, गोल,
बंद दारावर कुणी ओळखीचं माणूस
बोटाच्या पेरानं ठोकतंय असं.
"हा!" मी म्हणालो, सगळ्यांच्या आधी,
आणि बोट दाखवलं
नेमकं उलट्या दिशेला.
आवाज आला तरी कुठून आला हे
माझे कान आता सांगत नाहीत.
वेरसिंगनं खांदे धरून मला फिरवलं,
लेथवर नट फिरवावा तसं, हळू, नेमकं.

निष्पर्ण सागावर, कोवळ्या उन्हात, भर दिवसा जागा:
रानपिंगळा.
मुठीएवढा, चेहरा तिकीट तपासनिसाचा.
शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.
आम्हाला पाहून त्याला विशेष काही वाटलं नाही.

परतताना वेरसिंगनं त्याचं पावरी बोलीतलं नाव सांगितलं.
नावाचं शेपूट ऐकू आलं, डोकं नाही.
पुन्हा सांगा म्हणालो, त्यानं पुन्हा सांगितलं.
तिसऱ्यांदा मी नुसतीच मान हलवली.

रानपिंगळ्यापुढे माझ्या दुसऱ्या रकान्यात खूण आहे,
आणि तिच्या शेजारी एक टिंब.
हे टिंब कशाचं, मृदगंधाबाई विचारत होत्या.
मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.